वसईच्या किल्ल्यात ९६ पणत्या, एकही न पेटवता : एका गाण्याच्या व्हीएफएक्सचं प्रकरण

गाणं विरहाचं होतं, दादऱ्यातलं, म्हणजे सहा मात्रांच्या तालातलं, आणि डायरेक्टरच्या डोक्यात एकच चित्र बसलं होतं. पडकं चर्च, रात्र, मधोमध एक बाई बसलीये आणि तबल्याच्या प्रत्येक मात्रेला तिच्या आजूबाजूची एकेक पणती लागत जातेय. जागा त्याने आधीच ठरवली होती, वसईचा किल्ला, फ्रान्सिस्कन चर्च. मी व्हीएफएक्स करते, म्हणजे शूट झालेल्या चित्रात कॉम्प्युटरवर गोष्टी घालते आणि पुसते. मला फोन आला तेव्हा त्याचं म्हणणं होतं की पणत्या खऱ्याच लावू, तू फक्त मागचे विजेचे खांब आणि प्लास्टिकच्या बाटल्या पुसून दे, दोन आठवड्यांचं काम आहे.

मी म्हणलं किल्ला सूर्यास्ताला बंद होतो हे माहितीये ना? केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे ते, १९५८ चा कायदा आणि १९५९ चे नियम लागतात, सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ आणि शूटिंगसाठी वेगळं लायसन्स. तो म्हणाला रात्रीचं बघू कसंतरी. ते कसंतरी काही झालं नाही, आणि नाही झालं ते बरंच झालं. परवानगीच्या वेळीच स्पष्ट झालं की आत आग नाही, धूर नाही, तेल नाही, आणि सूर्य बुडायच्या आत सगळं सामान बाहेर. म्हणजे रात्रीचं गाणं दिवसा शूट करायचं आणि दिव्यांचं गाणं दिव्यांशिवाय.

हे लिहायला घेतलं कारण आपल्याकडे किल्ल्यात, वाड्यात, लेण्यांमध्ये गाणी करणारी भरपूर पोरं आहेत आणि बहुतेकांचा समज असा असतो की परवानगीच्या अटी म्हणजे व्हीएफएक्सवाल्याला डोकेदुखी. माझा अनुभव उलटा आहे. तिथे खऱ्या पणत्या लावल्या असत्या तर दगडावर काजळी बसली असती, तेल सांडलं असतं, आणि शॉट इतका चांगला झालाच नसता. कसा ते सांगते, जरा सविस्तर.

आधी जागेबद्दल. १५३४ च्या तहानंतर वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. दोनशेच्यावर वर्षं. त्या काळातली अर्धवट उभी चर्चं, कमानी, कोठारं अजून आहेत आणि मधून चक्क गावाचा रस्ता जातो, बंदराकडे जाणाऱ्या गाड्या चालू असतात. फ्रान्सिस्कन चर्चच्या मधल्या मोठ्या भागावर आता छत नाही, वर थेट आभाळ. खाली जमिनीत पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत, काहींवर घराण्यांची चिन्हं अजून स्पष्ट दिसतात. पहिल्याच रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला गेलो तेव्हाच, ठरलं की या शिळांवर ट्रॅक टाकून ट्रॉली फिरवायची नाही, जिम्बलवरच, म्हणजे कॅमेरा हातात धरून स्थिर ठेवणाऱ्या यंत्रावरच, सगळं करायचं, आणि कॅमेरामनने एक शब्द न बोलता ते मान्य केलं याचं मला आजही कौतुक आहे.

रेकीला मी अर्धा दिवस फक्त फोटो काढत होते. आभाळ भरून आलेलं होतं, म्हणजे कडक सावल्या नाहीत, फोटोग्रामेट्रीला, म्हणजे फोटोंवरून जागेचं थ्रीडी मॉडेल बनवायला, यापेक्षा चांगला दिवस मिळत नाही. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर साधारण ७० टक्के चढलेला पाहिजे, एक्स्पोजर आणि फोकस लॉक, आणि फ्रेममध्ये कुठेतरी एक मीटरची पट्टी, नाहीतर मॉडेल तयार होतं पण त्याचं माप कळत नाही. सहाशेच्या आसपास फोटो झाले. त्यातून चर्चच्या आतल्या भागाचं थ्रीडी मॉडेल निघालं, दगडांच्या सांध्यांसकट. पुढची सगळी मदार याच मॉडेलवर होती.

त्याच दिवशी एक प्रसंग झाला. माझ्या असिस्टंटने सवयीने नारिंगी टेपचे तुकडे फाडले आणि भिंतीवर ट्रॅकिंग मार्कर लावायला निघाला, म्हणजे कॅमेरा कसा हलला हे सॉफ्टवेअरला कळावं म्हणून लावतात त्या खुणा. पहाऱ्यावरचे काका लांबून बघत होते, ते शांतपणे आले आणि म्हणाले, "ओ ताई, ती चिकटपट्टी नको हां. काढताना चुना येतो बरोबर." आणि त्यांनी हात लावून दाखवलं, म्हणजे हात लावलाच नाही, बोट वीतभर अंतरावर धरून दाखवलं, एका ठिकाणी जुन्या गिलाव्याचा पापुद्रा सुटून पातळ पापडासारखा उभा होता. बोटाच्या वाऱ्याने सुद्धा पडेल असा. टेप त्याच्यापासून दोन फुटांवर लागणार होती. मी टेपचं रिंगण बॅगेत टाकलं ते शूट संपेपर्यंत बाहेर काढलं नाही.

मार्कर नकोतच अशा जागी खरं तर. आपला काळा खडक इतका खडबडीत असतो, खड्डे, सांधे, शेवाळाचे डाग, की सॉफ्टवेअरला पकडायला हजारो बिंदू आपोआप मिळतात. मार्कर हिरव्या सपाट पडद्याला लागतात, चारशे वर्षांच्या भिंतीला नाही. जमिनीवर जिथे गवत आणि माती होती तिथे फक्त चार टेनिस बॉल ठेवले, उचलून घेता येतील असे.

मग साडी. डायरेक्टरने लालभडक इरकली ठरवलेली. मी म्हणलं एकदा टेस्ट करू, कारण दिवसाची रात्र करताना लाल रंग सगळ्यात आधी मरतो. आपला डोळाच तसा आहे, उजेड कमी झाला की लाल काळा पडतो आणि निळा हिरवा त्या मानाने उजळ दिसतो, पुर्किंजे परिणाम म्हणतात त्याला. संध्याकाळी गच्चीवर जाऊन लाल आणि पांढरी फुलं शेजारी ठेवून बघा, अंधार पडता पडता लाल फूल नाहीसं होतं. त्यामुळे ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटनंतर चित्राचे रंग आणि उजेड बदलताना, रात्र खरी वाटायची असेल तर लाल खाली ओढावाच लागतो, आणि मग बाई लाल साडीत असेल तर नुसता चेहरा हवेत तरंगताना दिसतो. फोनवर दहा मिनिटांत टेस्ट केली, डायरेक्टरने बघितली, साडी मोतिया रंगाची झाली. या एका निर्णयाने माझे निदान दहा दिवस वाचले असतील.

शूटचा दिवस. आम्ही दुपारचं ऊन मुद्दाम टाळलं आणि चार वाजल्यापासून भिंतींच्या सावलीत काम केलं. एक्स्पोजर कॅमेऱ्यातच फार खाली नेलं नाही, एकच स्टॉप कमी ठेवला (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड), बाकी दोन-अडीच स्टॉप नंतर ग्रेडमध्ये. कॅमेऱ्यातच अंधार केला की सावल्यांमध्ये दाणे येतात आणि मग परतीचा रस्ता नसतो. प्रत्येक सेटअपनंतर करड्या रंगाचा आणि चकचकीत स्टीलचा गोळा फ्रेममध्ये धरून वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो, म्हणजे तिथला उजेड कुठून किती येतोय याची नोंद. पब्लिक या गोळ्यांकडे बघून काय काय विचारतं, एक आजोबा म्हणाले भविष्य बघताय का.

बाईच्या चेहऱ्यावर पणतीचा उजेड खराच पाहिजे होता, चेहऱ्यावर नंतर उजेड चढवलेला लगेच ओळखू येतो. तर तिच्यासमोर जमिनीवर, फ्रेमच्या खाली, दोन बॅटरीवाले एलईडी पॅनल ठेवले, अगदी पिवळे. पणतीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास असतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), ढगाळ आभाळाचा साडेसहा हजार, हा फरक कॅमेऱ्यात खरा उतरला की अर्धी रात्र तिथेच तयार होते. प्रॉडक्शनने बाजारातून एलईडीच्या प्लास्टिक पणत्याही आणल्या होत्या, त्या मी घेऊ दिल्या नाहीत. त्या डोळ्याला स्थिर दिसतात पण आत भराभर चालू-बंद होत असतात आणि फास्ट शटरला पडद्यावर आडवे पट्टे येतात.

फास्ट शटर कशाला, तर गाण्याचा बराच भाग स्लो मोशन होता. फिल्मवाल्यांपेक्षा आपल्या गाणीवाल्यांचं गणित इथे वेगळं पडतं. सेकंदाला ५० फ्रेमने शूट करून २५ ने दाखवायचं म्हणजे हालचाल निम्म्या वेगाने दिसणार, पण ओठ तर गाण्याशी जुळले पाहिजेत. म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. आमचा दादरा ९० च्या लयीचा, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा, तो १८० ने वाजत होता, आणि ती गायिका त्या पळत्या चालीवर ओठ हलवत होती पण चेहरा मात्र संथ, दुःखी, डोळे जड. चर्चच्या भिंतींमध्ये ती चिपमंकसारखी झालेली विरहाची चाल घुमत होती आणि तिने एकदाही लय सोडली नाही. मॉनिटरवर निम्म्या वेगाने बघितलं तेव्हा पदर पाण्यात असल्यासारखा हलत होता आणि ओठ बरोब्बर मात्रेवर. सव्वासहाला आवरायला सुरुवात केली आणि सूर्य टेकायच्या आत गेटच्या बाहेर होतो.

आता पोस्ट, म्हणजे शूटनंतरचं कॉम्प्युटरवरचं काम.

ट्रॅकिंगमध्ये एक गोष्ट दिसली ती मला अजून टोचते. सॉफ्टवेअरने सगळ्यात पक्के धरलेले बिंदू कुठले होते? भिंतीवर खिळ्याने कोरलेली नावं. बदाम, बाण, अमुक लव्ह तमुक. गिलाव्यावर ताजी पांढरी ओरखड, आजूबाजूला जुना काळपटपणा, असा फरक दगडात कुठेच नसतो, त्यामुळे ट्रॅकर धावत जाऊन तिथेच चिकटत होता. त्या जखमांच्या आधारावर आम्ही कॅमेरा सोडवला, म्हणजे तो कसा फिरला ते काढलं, आणि मग एकेक नाव पेंट करून पुसलं. १४ शॉट्समधून. पुसताना प्रत्येक अक्षर दोनशे टक्के मोठं करून बघावं लागतं, आणि तेव्हा कळतं की हे गंमत म्हणून जाता जाता केलेलं नाही, कोणीतरी दहा-पंधरा मिनिटं बसून, जोर लावून कोरलंय. मला खूप राग आला होता त्या आठवड्यात.

मुख्य काम भिंतीवरच्या उजेडाचं होतं आणि इथेच बहुतेक गाणी फसतात. पणतीची ज्योत बसवली, तिच्याभोवती पिवळा गोल मऊ ग्लो दिला, स्क्रीन किंवा अ‍ॅड मोडवर टाकला, झालं. मग दिसतं काय तर भिंतीसमोर पिवळं धुकं. कारण उजेडाची नुसती बेरीज केली की दगडाचे खड्डे बुजतात. खरा उजेड दगडाच्या रंगाशी गुणला जातो, काळा दगड काळाच राहतो, चुन्याचा पट्टा उजळतो, खाचेत सावली पडते. त्यासाठी ते थ्रीडी मॉडेल. त्या मॉडेलमध्ये ९६ जागी ९६ दिवे ठेवले, मॉडेलला कुठलाही रंग न देता फक्त उजेड रेंडर केला, म्हणजे कॉम्प्युटरकडून त्याचं चित्र काढून घेतलं, आणि तो उजेड खऱ्या प्लेटशी, म्हणजे किल्ल्यात शूट केलेल्या चित्राशी, गुणला. ज्या दगडाची कड खरोखर पुढे आलेली आहे तिचीच सावली मागे पडली.

अंतराचा हिशोबही डोळा माफ करत नाही. एका फुटावर जेवढा उजेड, दोन फुटांवर त्याचा पाव, तीन फुटांवर नववा हिस्सा. पणती भिंतीपाशी ठेवली तर खालचा दगड भाजून निघाल्यासारखा उजळ आणि कमरेच्या उंचीला जवळपास काळोख. डायरेक्टरला हे पहिल्यांदा बघून आवडलं नाही, म्हणाला एवढ्या पणत्या आहेत तर भिंत सगळी उजळू दे की. मी त्याला घरी जाऊन लाइट बंद करून भिंतीपाशी एक पणती लावून बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, तू म्हणतेस तसंच ठेव.

९६ का? तर तालाची १६ आवर्तनं, म्हणजे पूर्ण फेरे, एका फेऱ्यात दादऱ्याच्या ६ मात्रा, प्रत्येक मात्रेला एक पणती. आणि ९० ची लय २५ फ्रेमवर बसवायची म्हणजे एका मात्रेला १६.६७ फ्रेम येतात. अर्धी फ्रेम नसते. पहिल्यांदा मी सरळ १७-१७ धरून गेले आणि काही आवर्तनांनंतर पणत्या तबल्याच्या मागे रेंगाळायला लागल्या, हे तबलजीने पकडलं, मला दिसलं नव्हतं. मग कागदावर मांडलं तेव्हा किती सोपं निघालं, तीन मात्रा म्हणजे बरोब्बर ५० फ्रेम. १७, १७, १६. पुन्हा १७, १७, १६. आवर्तन १०० फ्रेमचं, चार सेकंद, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, नेहमी शंभराच्या पाढ्यावर. दादरा तीन-तीनमध्ये मोडतो आणि आमचे उजेडाचे रेंडरही तीन-तीन दिव्यांचे होते, कारण एका रेंडरच्या लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये एकेक दिवा भरता येतो, ९६ दिवे ३२ रेंडरमध्ये, पिवळा रंग नंतर न्यूकमध्ये, म्हणजे सगळे थर एकत्र जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, द्यायचा. म्हणजे एक रेंडर म्हणजे ५० फ्रेमचा अर्धा दादरा. हे जुळलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी एकटी स्टुडिओत टाळी देत बसले होते, धा धी ना, धा ती ना.

तरी पणती मात्रेवर लागतेय असं वाटेना, किंचित उशिरा वाटायची. ज्योत एका फ्रेममध्ये उभी राहत नाही, वात धरते, निळी होते, मग वर येते, सहा-सात फ्रेम जातात, आणि कानाला ठोका ऐकू येतो तेव्हा डोळ्याला भरलेली ज्योत हवी असते. म्हणून प्रत्येक पणती मात्रेच्या चार फ्रेम आधी पेटवायला घेतली. लगेच जीव आला.

ज्योती खऱ्या होत्या, हे सांगायचं राहिलं. एका मित्राच्या गॅरेजमध्ये काळं कापड लावून, मातीच्या पणत्या, कापसाची वात, तेल, आणि त्या शूट केल्या. पहिल्या खेपेला चूक केली, २५ फ्रेमला घेतल्या. बाईचा पदर संथ लहरतोय आणि बाजूला ज्योत भराभर फडफडतेय, दोन वेगळ्या जगातल्या वाटायला लागल्या. परत जाऊन ५० ला घेतल्या. बारा ज्योती, त्याच उलट्या-सुलट्या करून, सुरुवात पुढे-मागे सरकवून ९६ केल्या, कारण दोन शेजारच्या ज्योती एकदम लवल्या की ते लग्नाच्या मांडवावरच्या माळेसारखं दिसतं. एका शॉटमध्ये खाडीवरून वारा आला होता आणि तिचा पदर डावीकडे उडालाय, तिथे सगळ्या ज्योती डावीकडे झुकवल्या, पदर खाली बसला की ज्योतीही सरळ. कोणाच्या लक्षात येणार नाही, पण नसतं केलं तर काहीतरी खोटं आहे हे सगळ्यांना जाणवलं असतं.

आभाळ बदलणं त्या मानाने सोपं गेलं, ढगाळ पांढरं होतं म्हणून माडांच्या झावळ्यांच्या कडा स्वच्छ सुटल्या. भिंतीतून उगवलेल्या पिंपळाने मात्र ट्रॅकिंगला त्रास दिला, पानं हलतात, ती आधी मास्क करावी, म्हणजे ट्रॅकरपासून झाकावी, लागली.

खरा वाद झाला छतावरून. मॉडेल हातात आल्यावर डायरेक्टरला वाटलं की आता आपण छत पूर्ण करू, झुंबरं टांगू, जुन्या काळातलं वैभव दाखवू. मी नाही म्हणलं. बजेट नव्हतं हे खरंच, पण माझं मुख्य कारण वेगळं होतं. ते छत नेमकं कसं होतं याचा कुठलाही आधार आमच्याकडे नव्हता, आणि लाखभर लोकांनी गाणं बघितलं की त्यातलं छत हेच खरं छत होऊन बसतं. पुढे कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट "असं होतं वसईचं चर्च" म्हणून फॉरवर्ड करणार. जे पडलंय ते पडलेलं राहू दे, आपण फक्त उजेड बदलू, दगड नाही. शेवटी तो एका गोष्टीवर तयार झाला. छताच्या जागी चांदणं राहील पण कमानीच्या आतल्या बाजूला पणत्यांचा उजेड अगदी वरपर्यंत जेमतेम पोचेल, म्हणजे वर किती उंची आहे हे कळेल आणि तिथे काही नाही हेही कळेल. माझ्या मते गाण्यातला सगळ्यात चांगला शॉट तोच आहे, आणि अंतराचा तो हिशोब पाळला म्हणूनच तो जमला. भिंत आधीच सगळी उजळून टाकली असती तर वरचा काळोख उरलाच नसता.

दोन आठवड्यांचं काम अकरा आठवड्यांवर गेलं. त्यातले तीन दिवस पूर्णपणे माझ्या चुकीने गेले, एका शॉटला ऐनवेळी झूम लेन्स लावली आणि कुठल्या मिलिमीटरवर शूट झालं ते मी लिहून ठेवलं नाही, जिम्बलवर चालत चालत झूम, आणि ट्रॅक सुटता सुटेना. शेवटी दाराच्या कमानीची रुंदी मॉडेलमधून मोजली आणि त्यावरून लेन्सचा आकडा मागे काढला. मॉडेलला माप होतं म्हणून सुटलं, ती मीटरची पट्टी.

एक शॉट अजून चुकीचा आहे आणि तसाच गेलाय. दुसऱ्या अंतऱ्यात डावीकडच्या खांबापाशी ५३ वी पणती लागते, तिथे मॉडेलमध्ये एक फुटलेला दगड आला नव्हता, फोटोच काढायचा राहिला त्या कोपऱ्याचा. त्यामुळे उजेड जिथे अडायला हवा तिथे अडत नाही, सरळ मागच्या भिंतीवर जातो. अर्धा सेकंद दिसतं. पुढच्या वेळी वसईला गेले की त्या कोपऱ्याचे फोटो काढून आणणारे.